जेट्टीवरचं शेवाळ

जालना जिल्ह्यातला माणूस नेवीत गेला म्हटलं की लोक आधी हसतात. समुद्र इथून चारशे किलोमीटर, अन् आपल्याकडं मार्च लागला की टँकर. त्यात हा गडी साधा नेवीवाला नव्हता. पाण्याखालून जाऊन दुसऱ्याच्या बोटीला स्फोटकं लावणाऱ्यांतला होता. हे सांगितलं असतं तर शहागडच्या स्टँडवर कुणी खरं मानलं नसतं. राजानंदनं सांगितलंच नाही. वीस वर्षं नोकरी केली आणि गावाला एकच सांगितलं, मी स्टोअरला आहे, सामान मोजतो. गावानं मानलं. बायकोनं, संध्यानंही लग्नानंतर सहा वर्षं मानलं. मग एक दिवस त्याच्या पाठीवरचे वण बघून तिनं विचारलं की तुमच्या स्टोअरातलं सामान चावतं का. त्यावर तो हसला नाही आणि बोललाही नाही, तेव्हा ती काय ते समजली आणि पुन्हा विचारायच्या भानगडीत पडली नाही.

त्या फोर्सची रीतच तशी होती. कुठं आहे, काय करतो, हे आईला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही. पत्र कुठूनही टाकलं तरी ते मुंबईच्या नेवी पोस्टातून यायचं, शिक्का मुंबईचा. पोरगं बर्फात असो की बेटावर, घरच्यांच्या लेखी ते मुंबईत, आणि मुंबईत म्हणजे मजेत. पुढं जमाना बदलला. फोर्स टीव्हीवर दिसायला लागली, परेडमध्ये चालायला लागली, गल्लीतली पोरं मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ बघून दंड मारायला लागली. राजानंद मात्र रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी अंकुशनगरला कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या आत सोडत बसायचा आणि कुणी विचारलंच तर म्हणायचा, स्टोअर.

घर गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर होतं, पण या पंधरा वर्षांत त्यानं नदीत घोट्याएवढा पाय बुडवला नव्हता. लोकांना वाटायचं, नेवीवाला पाण्याला कंटाळला असंल. कंटाळा कशाचा आलाय. त्याला काही वाटतच नव्हतं. पाणी बघून वाटत नव्हतं, लग्नकार्यात वाटत नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा तो सगळं बराबर करून मोकळा झाला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. संध्या म्हणायची, ह्यांना भाजी कशी झाली विचारण्यापरीस भिंतीला विचारलेलं बरं.

हे असं कधीपासून झालं, ते त्याला तारखेनिशी ठाऊक होतं.

फोर्समध्ये पहिल्या दिवशी माणसाला जोडी लावून देतात. जेवायला दोघं, पळायला दोघं, पाण्यात दोघं. एकाला उशीर झाला तर शिक्षा दोघांना. आणि सगळ्या नियमांच्या वर एक नियम, पाण्यातून एकट्यानं वर यायचं नाही. राजानंदची जोडी लागली ती आष्टीच्या संघपालशी. शेकडो पोरांत दोघं जालना जिल्ह्याचे, दोघं आपापल्या गावच्या भीमनगरातले, दोघांची बोली एक. उस्ताद म्हणायचा, तुमच्या जिल्ह्यात पाणी नाही म्हणतात, मग तुम्ही पोहायला शिकला कुठं. राजानंद शिकला गोदावरीत. संघपालची गोष्ट निराळी. त्याचे वडील तातेराव विहिरी खोदायचे. गावातल्या बऱ्याच विहिरी त्यांच्या हातच्या, पण त्यातल्या एकीतही भीमनगरच्या पोरांना उतरू देत नसत. मग तातेरावांनी गावाबाहेरची सोडून दिलेली दगडाची खाण धरली. पावसाळ्यात ती भरायची. पोराच्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. अख्खं भीमनगर त्यांनी असंच पोहायला शिकवलं. संघपाल त्यांचा पहिला चेला.

तो संघपाल नव्याण्णवच्या जानेवारीत गेला. पेटी घेऊन एक साहेब आला, सोबत जोडीदार म्हणून राजानंद. साहेबानं कागद दिला. कागदावर ड्युटीवर असताना पाण्यात बुडून एवढंच होतं, गावाचं नाव नाही की जागेचं नाही. साहेब सलाम ठोकून निघून गेला, राजानंद दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी तातेरावांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कसं झालं. राजानंदच्या तोंडून जे निघालं ते निघालं. जेट्टीवर शेवाळ होतं, पाय घसरला. तातेरावांनी विचारलं, मंग पोहला न्हाई का. राजानंद म्हणाला, न्हाई. बस, एवढंच.

एवढ्यावर काय काय झालं ते बघा. आष्टीत लोक म्हणायला लागले, नेवीत होतं अन् बुडून मेलं. तोंडावर नाही म्हणायचे, पण पारावरचं बोलणं घरापर्यंत यायला किती वेळ लागतो. तातेराव पुन्हा त्या खाणीकडं फिरकले नाहीत. पोरांचे आईबाप डबे घेऊन दारात आले तर ते आत निघून जायचे. बारा वर्षांनी ते वारले. गावच्या शाळेत शहिदांच्या नावाची पाटी लागली तेव्हा संघपालचं नाव काही तिच्यावर आलं नाही. पाय घसरून मेलेल्याला शहीद कोण म्हणतं.

राजानंद दर वर्षी एकोणीस जानेवारीला आष्टीला जायचा. संघपालची आई कौसल्याबाई त्याच्यासाठी ज्वारीच्या भाकरी थापायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, समोर बसून खाऊ घालायची. शेजारणीला सांगायची, दोन होते, एक राह्यला, हेच माझं लेकरू. स्वतःची आई गेल्यावर राजानंदला लेकरू म्हणणारं तेवढं एकच दार राहिलं होतं. आणि खरं सांगितलं की ते दार बंद होणार, याबद्दल त्याला तीळमात्र शंका नव्हती. म्हणून तो दर वर्षी जायचा, जेवायचा आणि न सांगता परत यायचा.

या नोव्हेंबरात सुमेधाचा फोन आला. सुमेधा म्हणजे संघपालची धाकटी बहीण, भाऊ गेला तेव्हा दहा वर्षांची होती, आता आष्टीतच शाळेत इतिहास शिकवते. आईच्या पेन्शनचे कागद नीट लावताना तिनं भावाच्या युनिटचं नाव वाचलं होतं, इंटरनेटवर शोधलं होतं आणि आपला दादा कोण होता ते तिला वयाच्या पस्तिशीत कळलं होतं. तेव्हापासून तिनं राजानंदचा पिच्छा पुरवला. आता तिचं म्हणणं असं, चार डिसेंबरला नेवी डे असतो, शाळेत या आणि पोरांना सांगा, ही फोर्स आधी काय करायची आणि आता काय करते. इतिहासाच्या तासाला घेते, तासाभराचं काम. राजानंद म्हणाला, मला बोलता येत न्हाई. ती म्हणाली, लिहून आणा. तो म्हणाला, ते सांगायचं नसतं. त्यावर बाई चिडलीच. म्हणाली की सरकार स्वतः टीव्हीवर दाखवतंय, पाचवीच्या पोराला तुमच्या बंदुकांची नावं पाठ आहेत, आणि तुम्ही कुणापासून लपवून राह्यले.

तेवढ्यात फोन कौसल्याबाईनं घेतला. म्हणाली, "ये बाबा. माझं लेकरू काय काम करत होतं ते त्या निमित्तानं मलाबी कळंल."

आता याला नाही कसं म्हणणार.

त्यानं दोन फुलस्केप कागद लिहून काढले. इंटरनेटवर आहे तेवढंच लिहायचं, आपल्या पदरचं काही नाही, असं ठरवून लिहिले. चार तारखेला मोटारसायकल काढली. उसाचा सीझन, रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, पुढं जायला जागा मिळेना. तो घाईत नव्हता. घाबरलाही नव्हता. संध्यानं निघताना शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, जरा माणसासारखं बोला तिथं. तो बरं म्हणाला.

शाळेच्या व्हरांड्यात फळा आणून ठेवला होता, पटांगणात पोरं बसली होती, आठवी ते दहावीची. पुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर कौसल्याबाई. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, हात मांडीवर. तिनं त्याला बघून मान हलवली. हेडमास्तरांनी शाल दिली, नारळ दिला, शिस्तीवर दहा मिनिटं बोलले. आणि मग सुमेधा खडू घेऊन फळ्याजवळ उभी राहिली. इतिहासाच्या बाईंची ती सवयच. कुणी काही सांगायला लागलं की डावीकडं साल, उजवीकडं घटना, मधे उभी रेघ. राजानंदनं सगळ्याचा विचार केला होता, या रेघेचा केला नव्हता.

तो वाचायला लागला. आवाज असा की कारखान्यावर गाड्यांचे नंबर पुकारावेत. सत्त्याऐंशी साली ही फोर्स उभी राहिली. सुरुवातीला माणसं मोजकी. काम एकच, समुद्रातून गुपचूप किनाऱ्यावर जायचं, बघायचं, लागलं तर उडवायचं आणि कुणाला न दिसता परत यायचं. उभं राहून वर्ष नाही झालं तर श्रीलंकेला पाठवलं. तिथं पोरं पोहत बंदरात गेली, सोबत स्फोटकं ओढत नेली, धक्का उडवला आणि पोहत परत आली. सुमेधानं लिहिलं, १९८७, श्रीलंका. पोरांनी आ वासला. पुढच्या वर्षी मालदीव. तिथलं सरकार उलथवायला आलेले भाडोत्री लोक जहाजातून पळाले, त्यांना भर समुद्रात गाठलं. १९८८, मालदीव. एका पोरानं विचारलं की सर तुम्ही होता का. राजानंद म्हणाला, मी तेव्हा शाळेत होतो, तुझ्याएवढा. पोरं हसली. कौसल्याबाईही हसली.

मग तो पंच्याण्णव सालावर आला. वाचलं की त्या वर्षापासून या फोर्सला काश्मीरला पाठवलं, वुलर नावाच्या तळ्यावर. समुद्रातली माणसं डोंगरात. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, त्यातून होड्यांतून अतिरेकी ये-जा करायचे. हिवाळ्यात काठाला बर्फ. तिथं पोरांनी दाढ्या वाढवल्या, काश्मिरी झगे घातले, होड्या वल्हवल्या. आधी काम होतं जाऊन परत यायचं, आता काम झालं तिथंच राहायचं, डोळ्यांत तेल घालून. हे सगळं इंटरनेटवर होतं. पण त्याच्या कागदावर पुढं एक वाक्य होतं जे इंटरनेटवर नव्हतं. लिहिताना हात आपोआप चालला होता, वाचताना तोंड आपोआप चाललं. आमची तुकडी अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीपासून नव्याण्णवच्या मार्चपर्यंत तिथं होती.

सुमेधानं लिहिलं, १९९८-९९, वुलर. आणि खडू तिथंच थांबला.

राजानंदला दिसलं. त्याला कळलंसुद्धा. पण कागदावर पुढची ओळ होती, ती त्यानं वाचली. दोन हजार आठला मुंबई, हॉटेलात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला ही माणसं आत गेली. मग एडनचं आखात, सोमालियाचे चाचे, दुसऱ्यांच्या व्यापारी जहाजांची राखण. चौदा साली काश्मीरलाच पूर आला तेव्हा बंदुका ठेवून बोटी घातल्या आणि घरांच्या माळ्यावरून लोक उतरवले. बावीस साली पोरींनाही भरतीला दार उघडलं, यावर मागच्या रांगेतल्या पोरी एकमेकींना ढोसायला लागल्या. चोवीस साली तर विमानातून समुद्रात उड्या टाकल्या आणि चाच्यांनी पळवलेल्या जहाजावरून सतरा खलाशी सोडवून आणले, सतराच्या सतरा. म्हणजे सुरुवातीला जाऊन उडवायचं काम होतं आणि आता माणूस जिवंत बाहेर काढायचं काम जास्त आहे, असं शेवटचं वाक्य होतं. ते वाचून त्यानं कागदाची घडी घातली. फळ्यावर वुलरच्या खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

हेडमास्तर म्हणाले, प्रश्न विचारा. पोरं लाजली. सुमेधा म्हणाली, मला विचारायचंय. आवाज वर्गातलाच होता, फक्त खडू हातात मोडला होता.

"दादा एकोणीस जानेवारीला गेला. तेव्हा तुमची तुकडी वुलरला होती?"

"हो."

"आणि दादा?"

"माझ्यासोबत."

पोरांना काय कळलं कोण जाणे, पण आपल्या बाईंचा भाऊ काश्मीरला लढत होता एवढं कळलं असावं, कारण मागून एकानं टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. हेडमास्तरही वाजवायला लागले. राजानंद उभा होता, हातात नारळ. कौसल्याबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती, पण रागानं नाही. एखाद्यानं वाटेत थांबवून पत्ता विचारावा आणि आपल्याला तो सांगता येऊ नये, तशी बघत होती.

पोरांना केळी वाटली आणि शाळा सुटली. हेडमास्तर चहा सांगून निघून गेले. शिक्षकांच्या खोलीत तिघंच उरले. भिंतीला नकाशे, एका टेबलावर वह्यांचे गठ्ठे. सुमेधानं दार लोटून घेतलं आणि ती दाराशीच उभी राहिली, जणू तो पळून जाणार होता. तो कुठं जाणार होता. त्याचं अंग मेल्यासारखं झालं होतं, पण तसं ते रोजच असायचं.

कौसल्याबाईनं विचारलं, "मंग शेवाळ?"

"नव्हतं, आई."

"पाय घसरला न्हाई त्याचा."

"न्हाई."

ती म्हणाली, सांग. आणि त्यानं सांगितलं. सव्वीस वर्षं जे तोंडाशी येऊन मागं जात होतं ते पाच मिनिटांत संपलं, आणि याचंच त्याला नवल वाटलं. सकाळची वेळ होती, तळ्यावर धुकं. एक रिकामी होडी सापडली होती, तिच्या बुडाला काही बांधलंय का बघायला दोघं उतरले. तळाला शिंगाड्याचे वेल आणि त्यात अडकलेली जुनी जाळी. राजानंदचे पाय जाळीत गुंतले. तो जेवढी ओढाताण करायचा तेवढी ती आवळत गेली, तोंडातली हवेची नळी सुटली, तो घाबरला. आठ वर्षं शिकवलेलं सगळं तो एका क्षणात विसरला. संघपाल खाली आला, सुरीनं जाळी कापली, त्याची नळी परत त्याच्या तोंडात कोंबली आणि त्याला खालून ढकललं. राजानंद वर आला.

"वर आलो अन् आपल्या होडीचा काठ धरला. होडीतले म्हणाले, जोडीदार कुठंय. मी म्हणालो, येऊन राह्यला. तो येईना. माझ्याकडं हवा होती आई. सुरी होती. मला खाली जायचं होतं. हात सुटेनात काठाचे."

होडीतल्यांनी ओढून त्याचे हात सोडवले आणि दुसरी जोडी खाली गेली, तोवर उशीर झाला होता. त्याच जाळीत संघपालचा पट्टा अडकला होता. थंडीनं राजानंदचे हात आकडले, असं सगळ्यांनी धरलं. चौकशीत कुणी त्याला दोष दिला नाही. थंडी होतीच. पण हात थंडीनं आकडले नव्हते, ते त्यानं धरले होते, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच कळणारं नव्हतं. गावाकडं यायला निघाला तेव्हा रीत होतीच मदतीला, जागा सांगायची नाही. जागा नाही सांगायची तर काय झालं तेही सांगायला नको. जेट्टी, शेवाळ, पाय. रीत सुटून वर्षं झाली, शेवाळ काही सुटलं नाही.

सुमेधा दाराशी रडत होती, आवाज न करता. कौसल्याबाई रडली नाही. तिनं चष्मा काढून लुगड्याच्या पदरानं बराच वेळ पुसला. मग विचारलं, थंडी लई होती का तिथं. तो म्हणाला, काठाला बर्फ होतं.

"त्यानं पत्रात स्वेटर मागितलं होतं," ती म्हणाली. "आम्ही हसलो. मुंबईला कशाला लागतं स्वेटर म्हणून. न्हाई पाठवलं."

राजानंदला तो लाल डाग पडलेला मिलिटरी कोट आठवला, दोघं आळीपाळीनं पांघरायचे तो. त्यानं सांगितलं की तिथं कपडे मिळायचे, गरम मिळायचे, थंडीनं त्याला काही झालं नाही. ती हो म्हणाली. मग तिनं आणखी एक विचारलं, तू परत खाली गेला असता तर वाचला असता का तो. तो म्हणाला, वाचला असता असं वाटतं. खोटं बोलायची एवढी सवय झालेली, पण तेव्हा ते जमलं नाही.

तो वाट बघत होता. आता ती उठेल, दार दाखवेल, पुन्हा तोंड दाखवू नको म्हणेल. खरं तर त्यासाठी तो सव्वीस वर्षं थांबला होता, आणि आता आलंच आहे तर लवकर येऊ दे असं त्याला झालं होतं. शिव्या खाल्ल्या असत्या, मार खाल्ला असता. म्हातारीनं पायातली चप्पल काढली असती तरी त्यानं डोकं पुढं केलं असतं. पण कौसल्याबाई बसूनच राहिली. बोलली तेव्हा त्याच्याशी बोलत होती की भिंतीवरच्या नकाशाशी, ते कळेना.

"ह्यांनी तीनशे पोरं शिकवली असतील त्या खाणीत. एक बुडलं न्हाई. अन् आपलंच पोरगं पाय घसरून पाण्यात पडतं अन् वर येत न्हाई. मी बोलले त्यांना. एकदा न्हाई, बारा वर्षं बोलले. जगाच्या पोरांना शिकवलं, आपलं कच्चं ठिवलं, असं बोलले. जेवायला बसले तरी बोलले. ते ऐकून घेत होते. काय म्हणणार, त्यांनाबी तसंच वाटत होतं."

राजानंदला हे ठाऊक नव्हतं. दर जानेवारीला तो त्या घरात जेवला होता. तातेराव समोर बसून असायचे, ताटाकडं बघत, आणि त्याला वाटायचं म्हातारा लेकाच्या दुःखानं गप्प आहे.

"आई, बस कर," सुमेधा म्हणाली.

"थांब. ह्याला कळू दे. मरायच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणले, कौसल्या, पोरगं मी कच्चं शिकवलं. माझं चुकलं. मला माफ कर."

राजानंदच्या छातीत काहीतरी दुखलं. आधी त्याला वाटलं, श्वास अडकला. मग कळलं की हे दुखणंच आहे, सव्वीस वर्षांपूर्वीचं, आणि ते आता कुठं पोचतंय. त्यानं टेबलाचा काठ धरला. त्याला ते सहन होईना आणि सोडूनही जाता येईना.

"मी तोंड फिरवलं," कौसल्याबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी गेले ते. ज्याची काही चूक नव्हती त्याला मी माफ केलं न्हाई. मंग तुला कसं करू, ते तूच सांग मला, लेकरा."

ती त्याच्याकडं बघत थांबली, खरंच उत्तराची वाट बघत.